करायचो, वाजवायचो, लिहायचो...

शाळेत व्याकरणाच्या बाई काळ शिकवायच्या तेव्हा 'रीतिभूतकाळ' हा प्रकार मला फार निरुपयोगी वाटायचा. (बघा, आत्ता नकळत दोनदा वापरला!) भूतकाळात एखादी गोष्ट सवयीने घडत असे, हे सांगणारा काळ. मी जात असे, ती गात असे. परीक्षेत एक मार्क, बाकी काही काम नाही.

आयटीत सहा वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय की आमच्या पिढीचा हाच अधिकृत काळ आहे. कुठल्याही टीम आउटिंगला जा. कर्जतचं नाहीतर मुळशीचं रिसॉर्ट, प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि एचआरची मुलगी उत्साहाने म्हणणार, "नाव सांगा आणि हॉबी सांगा." मग सुरू. "मी गिटार वाजवायचो." "मी भरतनाट्यम करायचे, सहा वर्षं केलं." "ट्रेकला जायचो, जवळजवळ सगळे किल्ले झालेत." एक टेस्टर आहे आमच्यात, तो कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला सलग तीन वर्षं एकांकिकेत होता. भरत नाट्य मंदिरात शिट्ट्या काय असतात ते त्याने अंगावर घेतलेलं आहे. तो म्हणाला, "नाटक करायचो." एवढंच, आणि माइक पुढे दिला. मी म्हणालो, "अक्षरं काढायचो. गॅदरिंगचे फलक वगैरे."

पंचवीस माणसं, सरासरी वय एकोणतीस, आणि एकाही छंदाचं क्रियापद वर्तमानकाळात नाही. अपवाद एक. तो म्हणाला, "मी वेब सीरिज बघतो."

तर मंडळी, आजचा विषय हा आहे. ऑफिसात ज्याला 'वर्क लाइफ बॅलन्स' म्हणतात त्याच्यावर दर तीन महिन्यांनी एक वेबिनार होतो (बहुतेक वेळा संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे सगळ्यांना सोयीचं पडावं!). त्यात श्वासाचे व्यायाम असतात, पाणी प्या असतं, स्क्रीनकडे वीस मिनिटांनी बघू नका असतं. पण या 'करायचो'बद्दल कुणी बोलत नाही. मला स्वतःला तो जास्त गंभीर आजार वाटतो.

पहिलं उत्तर ठरलेलं असतं. वेळच मिळत नाही रे. हे मी पूर्ण मानत नाही आणि पूर्ण झटकूनही टाकत नाही. आठवड्याचे १६८ तास. झोप ५०, ऑफिस ५०, हिंजवडीचा रस्ता १२ ते १५ (पाऊस असेल तर देवाच्या मनात असेल तेवढे). आंघोळ, जेवण, किराणा, बँक, लग्नं, बारशी धरली तरी पंचवीस-तीस तास उरतात. ते कुठे जातात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, फोनच त्याचा साप्ताहिक अहवाल पाठवतो आणि आपण तो न वाचता उडवतो.

पण हा हिशोब माझ्यासारख्या, डबा आयता मिळणाऱ्या मुलाचा आहे. केंद्र सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातलं बिनपगारी काम जे करतात त्यांच्यात बायकांची दिवसाची सरासरी निघाली २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. म्हणजे दोघेही सातला घरी पोचले तरी तिचा दुसरा शिफ्ट सुरू होतो. त्या भरतनाट्यमवालीला "अगं, वेळ काढायचा असतो" असं सांगणाऱ्याला पहिल्यांदा कणीक मळायला बसवावं. तिच्या बाबतीत प्रश्न कलेचा नंतर, पोळ्यांचा आधी आहे.

बाकीच्यांचं मात्र वेगळं आहे. आपल्याकडे वेळ असतो, पण तो वेळ आपल्याला ओळखत नाही. रविवारी सकाळी चहा होतो, पेपर होतो, आणि मग तीन तास असे समोर येऊन उभे राहतात की त्यांचं करायचं काय ते सुचत नाही. मग फोन.

रविवारवरून आठवलं. ही सुट्टी आपल्याला कॅलेंडरबरोबर फुकट आली असं वाटतं, तसं नाहीये. मुंबईच्या गिरण्यांमध्ये पूर्वी दिवस उजाडला की काम सुरू आणि मावळला की बंद, आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि सहा वर्षं अर्ज, सभा, पुन्हा अर्ज असं करत राहिले. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आपण ज्या रविवारी 'जस्ट एक छोटा फिक्स आहे' म्हणून लॅपटॉप उघडतो, तो रविवार असा मिळालेला आहे. हे कळल्यापासून माझा लॅपटॉप उघडायचा थांबला असं अजिबात नाही, पण उघडताना थोडी लाज वाटते.

आता दुसरं उत्तर. "रिटायर झाल्यावर करू." हे मी जास्त मनावर घेतो, त्याला कारण आहे.

माझे बाबा बँकेत होते. लग्नाआधी पेटी वाजवायचे, भजनी मंडळाला साथ करायचे. मग बदल्या, मग आमच्या शाळा, मग होम लोन. पेटी माळ्यावर गेली. मी लहान असताना तिच्यावर चादर घातलेली असायची आणि ती आमची लपाछपीतली गुहा होती. बाबा नेहमी म्हणायचे, रिटायर झालो की रोज दोन तास. कडवटपणे नाही हं, अगदी खुशीत म्हणायचे, एफडी मॅच्युअर व्हायची वाट बघावी तसं. साठाव्या वर्षी निवृत्त झाले, सत्कार झाला, शाल मिळाली आणि दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून पेटी खाली काढली. भाता कुरतडलेला होता, तीन-चार सूर बोलेनात. दुरुस्तीला दिली, चांगली करून आणली. बाबा चार दिवस रोज सकाळी बसले. पाचव्या दिवशी बसले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, "जाऊ दे गं. हात बसत नाही आता. कानाला सगळं कळतंय, बोटांना कळत नाहीये."

पेटी परत माळ्यावर गेली नाही, हॉलमध्येच आहे. तिच्यावर आता वायफायचा राउटर असतो.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कानाला कळतंय, बोटांना कळत नाहीये. पैसे साठवता येतात, रजा साठवता येतात (काही कंपन्यांत), हात साठवता येत नाही.

मग मी नोकरी सांभाळून काहीतरी करणाऱ्या माणसांच्या गोष्टी गोळा करायला लागलो. असं वाचन मोटिव्हेशनसाठी करतात म्हणे, मी केलं ते जरा संशयाने. हे लोक नक्की काय करत होते? दि. बा. मोकाशी रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करायचे. रेडिओ! म्हणजे जवळजवळ आपल्याच लाइनचे. बिघडलेले सेट उघडायचे, आणि 'आता आमोद सुनासि आले'सारखी कथा लिहायची, वारीबरोबर चालून 'पालखी' लिहायची. वसंतराव देशपांडे वीस वर्षांहून जास्त काळ मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीला होते. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं, म्हणजे ज्या खाँसाहेबांसाठी महाराष्ट्र त्यांना ओळखतो ते नोकरी सुटल्यानंतरचे. गाणं मात्र त्या सगळ्या वर्षांत सुटलेलं नव्हतं.

पण मला सगळ्यात आवडली ती नारळीकरांची गोष्ट. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. जयंत नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध होते, पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झालेली. त्यांनी 'कृष्णविवर' नावाची कथा लिहिली आणि पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरं उलटी केलेली, ज. वि. ना. चं ना. वि. ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं, मग भांडं फुटलं. २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा ही आठवण पुष्कळांनी सांगितली, बहुतेकांनी 'बघा किती विनम्र' या अंगाने. मला त्यात विनम्रतेपेक्षा चैन दिसते. आपण कुणीही नाही, कथा टाकाऊ निघाली तर जगतापांची टाकाऊ निघेल, ही चैन! एवढं नाव असलेला माणूस सुरुवात करताना नाव लपवतो. आणि ज्यांना काडीचं नाव नाही असे आम्ही, पहिली ओळ लिहायच्या आधी हँडल बुक करतो, लोगो बनवतो, आणि 'माझा प्रवास' असं हायलाइट तयार ठेवतो.

असो. आता माझं सांगतो.

अक्षरांकडे परत जायचं हे नक्की होतं, पण फलक कुणाचे रंगवणार? हल्ली गॅदरिंगलासुद्धा फ्लेक्स असतो. त्याच सुमाराला एका ओळखीच्यांनी मोडीच्या वर्गाचं सांगितलं. शनिवार सकाळ, महिनाभर. गेलो. वर्गात निवृत्त तलाठी, इतिहासाच्या दोन विद्यार्थिनी, एक वकील, आणि जमिनीचे जुने कागद स्वतःच वाचायचे ठरवून आलेले एक शेतकरी काका. लॅपटॉपची बॅग घेऊन आलेला मी एकटा.

मोडी म्हणजे काय हे थोडक्यात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीचा हाताने लिहायचा व्यवहार बराचसा मोडीत चालायचा. पत्रं, हिशोब, जमिनीचे कागद. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत, त्यातले बहुतेक मोडीत. युनिकोडमध्ये मोडी आली २०१४ साली, सातव्या आवृत्तीत. म्हणजे कॉम्प्युटरला अक्षरं माहीत होऊनही बराच काळ झाला, वाचणारी माणसं मात्र थोडी.

लिहायची पद्धत अशी की आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या. देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ देतो, इथे रेघ आधीच असते आणि अक्षरं तिला लटकवत जायचं. बोरू शक्यतो उचलायचा नाही. एक अक्षर संपतं तिथून दुसरं निघतं, शब्द संपला म्हणून जागा सोडायची नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. वेलांटी एकच, दीर्घ. उकार एकच, ह्रस्व. शुद्धलेखनात आयुष्यभर मार्क घालवलेल्या माणसाला हा स्वर्ग आहे :-)

बोरूचं तोंड तिरकं कापावं लागतं. ते जमायला मला दोन वर्ग लागले आणि एक बोट कापलं. कोन चुकला की जाड तिथे बारीक येतं आणि बारीक तिथे जाड. शाई जास्त घेतली तर 'श्री'चाच डबका होतो. कंट्रोल झेड नाही. ही गंमत नाही, खरंच पहिल्या दिवशी डागाकडे बघून माझा डावा हात हवेत हलला. सहा वर्षांत मी न पुसता येणारं असं काहीही केलेलं नव्हतं. कोड तर नाहीच, तो गिटमध्ये आयुष्यभर मागे नेता येतो. इथे एक ओळ बिघडली की बिघडली, पुढची ओळ लिहायची. अर्ध्या तासाने लक्षात आलं की मी श्वास रोखून लिहितोय, आणि त्या अर्ध्या तासात फोन कुठे आहे हे मला माहीत नाही. सापडला तो वकिलांच्या पिशवीखाली.

त्या जुन्या पत्रांमधली एक गोष्ट मला ऑफिसच्या संदर्भात फार छळते. पत्र संपलं की ते संपल्याची खूण असायची. "बहुत काय लिहिणे" वगैरे झालं की शेवटी मोर्तब. शिक्का उमटवायचा, म्हणजे त्याच्याखाली कुणी आणखी काही घुसडू नये. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर शब्दच आहेत, 'मर्यादेयं विराजते'. इथे मर्यादा आहे, आणि ती शोभून दिसते आहे! आमच्या दिवसाला मोर्तब नाही. रात्री अकराला मजकूर संपला असं वाटतं आणि खाली अमेरिकेतून आणखी तीन ओळी येतात. मी आता सात वाजता लॅपटॉप मिटताना मनातल्या मनात मोर्तब म्हणतो. आठवड्यातून दोनदा तरी तो मोडावा लागतो. रिलीज असला की पाच दिवस.

ऑफिसात हे कळल्यावर अपेक्षित ते सगळं झालं. मॅनेजर म्हणाला, "अरे मस्त! एक लंच अँड लर्न घे ना, 'प्राचीन लिपीतून फोकस' असं काहीतरी." मैत्रीण म्हणाली, रील बनव, बोरूचा आवाज लोकांना आवडतो. एकाने विचारलं, याचा कोडिंगला उपयोग होतो का? होतो का नाही मला माहीत नाही आणि बघायचंही नाही. ज्या दिवशी तो उपयोग मोजायला लागेन त्या दिवशी शनिवारचासुद्धा स्प्रिंट होईल. आणि चौथ्याने रास्त प्रश्न विचारला. हे आता एआय करेल ना? फोटो टाकला की देवनागरी.

करू दे की. करायलाच हवं. कोट्यवधी कागद आहेत, वाचणारे मूठभर, आणि वाळवी कुणासाठी थांबत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते आपण पाहिलंच. तिथे उत्तर हवंय, लवकर हवंय, ते कसं आलं याला महत्त्व नाही. मशीनने ते काम केलं तर मी टाळ्या वाजवीन, जमलं तर कोडही लिहीन, पण सोमवार ते शुक्रवारात. शनिवारच्या माझ्या पानाला कुणीच थांबलेलं नाही. ते वाचून संपलं तर मला नुकसानच आहे. उद्या रोबोट धावायला लागले म्हणून कुणी पर्वतीवर चढायचं सोडणार आहे का?

सध्याची व्यवस्था अशी आहे. मंगळवारी सकाळी साडेसहा ते सव्वासात, आणि शनिवारी जमेल तेवढं. सकाळी अशासाठी की संध्याकाळच्या मला काहीही सुचत नाही, हे मान्य करून टाकलंय. टेबलाच्या एका कोपऱ्यात दौत, बोरू आणि रेघा मारलेले कागद कायम मांडलेले असतात, उचलून ठेवायचे नाहीत असं आईशी तहात ठरलंय. कारण सामान काढायला दहा मिनिटं लागणार असतील तर मी फोन काढतो, त्याला शून्य लागतात. खाडे होतात. ऑक्टोबरचा अख्खा महिना गेला. हिशोब ठेवत नाही.

त्या पुरुषोत्तमवाल्या टेस्टरला हे एकदा चहावर सांगितलं. तो काही बोलला नाही. पण गेल्या महिन्यापासून एक आड एक रविवारी त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर चार-पाच जण जमून नाटकं मोठ्याने वाचतात. प्रयोग करायचा नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय. भरतनाट्यमवालीला बोलावलं होतं, ती म्हणाली रविवारी सकाळी कसं शक्य आहे. तिच्या नवऱ्यालाही मी ओळखतो. त्याच्याशी बोलायचं राहिलंय, या आठवड्यात बोलतो.

बाबा अधूनमधून माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. त्यांच्या आजोबांना मोडी यायची म्हणे. परवा म्हणाले, "मला ती श्रीची वळणं दाखव." दाखवली. बोरू हातात घेतला, दोन ओळी काढल्या, बऱ्या आल्या. पेटीचा विषय आम्ही कुणीच काढला नाही.

आणि हो, वर्गात सरावाला मिळालेला पहिला अख्खा कागद मी वाचून काढला. तीन शनिवार लागले. निघालं काय, तर कुणीतरी कुणाकडून दोन मण भात उसना घेतला होता, आणि तो पुढच्या सुगीला परत द्यायचा होता. दिला की नाही ते कागदात नाही. दुसऱ्या कागदावर मधोमध तेलाचा डाग आहे, त्याच्या खालचा शब्द 'म्हैस' आहे का 'मौजे' यावर तलाठीकाकांचं आणि माझं दोन आठवडे भांडण चालू आहे. मी म्हैस म्हणतोय.